मिठाची पुरचुंडी

"माय, कोनासाठी गरम करून राहिली वं मीठ?"

मैनेनं चुलीपाशी येऊन विचारलं, तेव्हा कुठे सुभद्रा भानावर आली. तव्यावर खडेमीठ तडतडत होतं. दिवेलागणीला सासूच्या गुडघ्यांना शेक द्यायचा, हा बार्शीटाकळीच्या त्या घरातला तिचा वर्षानुवर्षांचा रिवाज. गोदाबाई जाऊन महिना होत आला, पण हाताला कोण सांगणार?

माहेरपणाला आलेली मैना डावी बाजू जपत शेजारी बसली. लहानपणापासून ती अशीच बसायची. सुभद्राला अठ्ठावन्न सालचे ते दिवस आठवले.

मैना तेव्हा पाच वर्षांची. ताप हटेना म्हणून अकोल्याला मोरोपंत डॉक्टरांकडे नेली. त्यांनी कमरेखाली पेनिसिलिनची सुई दिली आणि पोरीनं काळीज फाटेल अशी किंकाळी फोडली. जागा आधी पांढरीफटक पडली, मग निळसर. घरी आल्यावर सुभद्रानं केलं ते कुठल्याही आईनं केलं असतं. मिठाची पुरचुंडी तापवून सुईची जागा शेकली. सकाळी पाहते तर तळहाताएवढी कातडी काळीनिळी, भोवती जाळीसारख्या रेघा.

"जाळलं वं पोरीले! इतकं कोनी शेकते काय?" गोदाबाई कडाडल्या.

झालं! दुपारपर्यंत गल्लीभर तेच. आणि सुभद्रालाही ते खरंच वाटलं. संध्याकाळी ती शेक द्यायला गेली, तर सासूनं पाय आखडून घेतले.

"तुह्या हातचा शेक नको मले."

बाई तोंडाची फटकळ, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण हे बोलणं सुभद्राच्या फार जिव्हारी लागलं.

तिच्या नवऱ्यानं, भगवंतरावांनी, निरोप धाडला तसे मोरोपंत स्वतः आले. जखम निरखून पाहिली आणि ओसरीवर जमलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे भाजलेलं नाही. माझ्या सुईतलं औषध बारीक रक्तवाहिनीत गेलं असावं. रक्त अडलं आणि कातडी मेली. क्वचित होतं असं. पोरीच्या आईचा यात काही दोष नाही. अमरावतीला नेऊ, मी सोबत येतो."

सुभद्रा पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. गोदाबाई मात्र उठून आत गेल्या.

अमरावतीच्या दवाखान्यात जखम भरेपर्यंत हिवाळा संपला. मागे खोल वण राहिला. तोवर म्हातारीनं गावात कुणाकडूनच शेक घेतला नव्हता, थंडीत भिंतीला धरून चालली. मैनेला घेऊन सुभद्रा घरी आली, त्या संध्याकाळी गोदाबाईंनी आपणच मीठ तापवलं, पुरचुंडी बांधून सुनेपुढे ठेवली आणि पाय लांब केले.

"घे. लय दुखून राहिले."

एवढंच. माफी मागणं त्यांना कधी जमलंच नाही. त्यानंतर त्या जाईपर्यंत एक संध्याकाळ चुकली नाही. मैनेच्या अंगाला मात्र सुभद्रानं पुन्हा कधी शेक लावला नाही. डॉक्टरांचं पटलं होतं, पण हात धजत नव्हता.

"थंडीनं ठणकून राहिलं वं माय," मैना वणावर हात ठेवून म्हणाली. "आता मीठ तापवलंच आहे त मलेच दे."

सुभद्रानं पुरचुंडी बांधली. आपल्या गालाला लावून पाहिली. फुंकर घातली, पुन्हा लावून पाहिली. मग हळूच लेकीच्या वणावर टेकवली.

"किती भिऊन राहिली वं," मैना म्हणाली. "आजीले देत होती तसं दे. दाबून."