रामदासची झोप

भागीरथीनं टीव्हीच्या आवाजाचं बटण डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं, पेटीला कान लावून खात्री करून घेतली आणि पदर खोचत ती पडद्यापुढून बाजूला झाली.

"दखा आते," ती म्हणाली. "पन गलका करू नका. रामदास झोपेल शे."

रामदास म्हणजे शेजारच्या खोलीतला रातपाळीवाला. शनिवारची रातपाळी करून तो रविवारी दिवसभर झोपायचा, आणि दोन खोल्यांच्या मध्ये भिंत कसली, नुसता पत्रा. अगदी सुरुवातीला एकदा तो बनियनवर बाहेर आला होता आणि काही न बोलता सगळ्यांपुढे हात जोडून परत गेला होता. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं, जोडलेल्या हातांपुढे काय करणार? तेव्हापासून सुरतेतल्या भेस्तानच्या या चाळीत रशियन नाच बिनआवाजाचा चालायचा. उखा पाटील तर रामदासच्या दारावरून जाताना चपला काढून हातात घ्यायचा, तेवढा ओटा अनवाणी ओलांडायचा आणि पुढे गेल्यावर त्या पुन्हा पायात घालायचा.

पडद्यावर जाळीच्या झग्यातली एक पोरगी पायांच्या अंगठ्यांवर तोल सांभाळून उभी होती. राजपुत्र गुडघा टेकून बसला होता. पोरीनं आपल्या हाताचं करंगळीशेजारचं बोट त्याला दाखवलं. खोलीतली आठ-दहा डोकी उखाकडे वळली.

"कांडी सरनी म्हने," उखानं निकाल दिला.

भागीरथीनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. तो तिच्याकडे वळला तेव्हा ती म्हणाली, "कांडी कसानी? अंगठी मांगी राहिनी ती. लगीन कर म्हनस. तुमना डोकामाईन खातं काही जात नही, उखाभाऊ."

सगळे हसले. रघुनाथ तर तोंडात पंचा कोंबून हसला, कारण त्याचं हसू पत्र्यापलीकडे सहज गेलं असतं.

उखाचा तसा दोष नव्हता. बमरोलीच्या खात्यात, म्हणजे पॉवरलूमच्या शेडमध्ये, तो बावीस वर्षं माग चालवत होता. शंभर माग एकदम धडधडत असताना तिथे तोंडानं बोलणं म्हणजे वाफ दवडणं. सगळं हातांनी. दोन बोटं जुळवून फाकवली की तार, म्हणजे धागा, तुटली. एक बोट उभं धरून हलवलं की बाण्याच्या सुताची कांडी संपली, नवी आण. पोटावरून हात फिरवला की शेठ आला, सावध. आणि मूठ धोट्यासारखी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेली की माग झकास चालू आहे, काळजी नको. भागीरथी त्याच खात्यात कांड्या भरायची, तिचा भाचा हेमराज उखाच्या शेजारचे माग सांभाळायचा. बॅलेतली माणसं एक शब्द न बोलता भांडतात, लग्नं ठरवतात आणि मरतात. याचं शहरातल्या शिकलेल्या मंडळींना नवल वाटत असेल, या लोकांना नव्हतं. त्यांना ते घरातलं बोलणं वाटलं.

हे वेड लागलं केबलवाल्या लोटूमुळे. रशियाला साड्या विकायला गेलेल्या कुणा व्यापाऱ्यानं परत येताना आणलेल्या कॅसेटींची पिशवी लोटूच्या गळ्यात मारली होती. रविवारी दुपारी कोण टीव्ही बघतं, असा विचार करून तो त्यातली एखादी लावून द्यायचा आणि स्वतः जेवून आडवा व्हायचा. एका रविवारी त्यानं त्याऐवजी मारामारीचा सिनेमा लावला, तर चौघेजण त्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले. उखा, भागीरथी, हेमराज आणि यवतमाळकडचा गवंडी रघुनाथ. लोटू इतका चकित झाला की त्यानं सिनेमा अर्ध्यात काढला.

प्रत्येकाचं प्रेम वेगळ्या जागी होतं. हेमराज गिरक्या मोजायचा. भागीरथीचा जीव त्या झग्यात होता, ही जाळी कोणत्या तारेची आणि ती अशी ताठ कशी राहते, यावर तिचे तीन वेगवेगळे सिद्धांत होते. रघुनाथला काळजी फक्त उचलणाऱ्या गड्याची. पोरगी हवेत गेली की तो हमखास पुटपुटायचा, "पाठ जाईन ना बाप्पा त्याची." आणि उखा अर्थ सांगायचा. क्वचित चुकायचा, पण सांगायचा असा थाटात की चूकसुद्धा गोष्टीत बसून जायची. आठवडाभर लोकांच्या हुकमाखाली असणारा हा माणूस रविवारी दुपारी दोन तास राजा असायचा.

हेमराज गुजराती वर्तमानपत्राची घडी नाचवत आला तो पुढच्याच रविवारी.

"रशियानी मंडळी इ राहिनी! सुरतले! नानपुराना हॉलमा!" त्यानं बातमी एकदा सगळ्यांना सांगितली आणि मग उखासमोर उकिडवा बसून पुन्हा पहिल्यापासून सांगितली. खिशातून चार तिकिटं काढून त्यानं पत्त्यांसारखी पसरली. सकाळी सायकल मारत जाऊन तो ती घेऊनच आला होता.

मग काय विचारता. भागीरथीनं त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. रघुनाथनं आपण कोणता सदरा घालणार हे तिथल्या तिथे जाहीर केलं. उखानं एक तिकीट उजेडाकडे धरून कापडाचा ताणा तपासावा तसं तपासलं आणि खिशात अगदी आत ठेवलं.

"नाना, आते गानंबी ऐकाले भेटी!" हेमराज उखाला म्हणाला. "चार वरीस व्हयनात, या कोनता गानावर नाचतस तेच माहीत नही आपले!"

भागीरथीनं त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला. उखानं तो पाहिला, पण आनंदात माणसं काहीही करतात.

त्याच्या स्वतःच्या आनंदाला मात्र तिथेच तडा गेला.

उखाचे कान एका दिवसात गेले नव्हते. आधी डासांची गुणगुण ऐकू येईनाशी झाली, ते बरंच झालं. मग कुकरची शिट्टी गेली. मग नातू रडतोय हे त्याच्या तोंडाकडे बघून समजायला लागलं. आता दोन-अडीच वर्षांपासून सगळी सुरत त्याच्या लेखी भागीरथीच्या टीव्हीसारखी झाली होती, चित्र स्वच्छ आणि आवाज बंद. हे फक्त बायकोला, सुंदराला ठाऊक होतं आणि तिला त्यानं शपथ घातली होती. खात्यात कुणाला कळायचा प्रश्न नव्हता, तिथे सगळेच बहिरे. आणि रविवारी समोरच्याचे ओठ वाचून आणि रामदासच्या कृपेनं निभावून जात होतं.

पण हॉलमध्ये गाणं असणार. ते सुरू होताच तिघांचे चेहरे बदलतील, आणि कशानं बदलले ते त्याला कळणार नाही. बाहेर आल्यावर हेमराज विचारेल, नाना, गाणं कसं होतं? तेव्हा खोटं बोलावं लागेल, नाहीतर खरं. खरं बोललं की नानाचा "बिचारा उखा" होणार, लोक हळू आवाजात कीव करणार, आणि अर्थ विचारायला डोकी दुसरीकडे वळणार. त्या डोक्यांचं वळणं त्याला हवं होतं. या वयात त्याच्यापाशी तेवढंच एक मिरवण्यासारखं होतं.

तीन दिवस त्यानं तिकीट खिशात वागवलं. चौथ्या दिवशी त्यानं ठरवलं, आपण जायचं नाही, ताप आला म्हणायचं. तिकीट फुकट घालवणं मात्र त्याच्या जिवावर आलं. आणि मग एकदम त्याला रामदास आठवला. चार वर्षं बिचाऱ्याच्या उशाशी आपण नाच बघितला आणि त्याला एकदाही दिसला नाही. न्यायानं तिकीट त्याचंच.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर तो भेस्तानला आला. रातपाळीचा माणूस या वेळी उठून चहा पीत असणार. सवयीनं त्यानं ओट्यापाशी चपला काढून हातात घेतल्या. रामदासचं दार त्यानं पहिल्यांदाच सताड उघडं पाहिलं.

आत खाट नव्हती, चूल नव्हती. जमिनीपासून पत्र्याच्या छपरापर्यंत साड्यांचे गठ्ठे रचलेले होते, आणि एक गुमास्ता खाली बसून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. उखानं गालाखाली तळवा धरून मान कलती केली, म्हणजे इथे झोपणारा माणूस कुठे? गुमास्त्याच्या ओठांवर 'वरस' उमटलं आणि त्यानं दोन बोटं दाखवली. मग स्टेशनच्या दिशेनं हात लांब केला. दोन वर्षांपूर्वी. गावाला. कायमचा.

उखा चपला हातात धरून उभा राहिला.

दोन वर्षं तो साड्यांच्या गठ्ठ्यांसमोरून अनवाणी चालत गेला होता. दोन वर्षं भागीरथी दर रविवारी बटण डावीकडे फिरवून पेटीला कान लावत होती. रघुनाथ तोंडात पंचा कोंबत होता, हेमराज अंगणातल्या पोरांना दटावत होता, आणि त्याच्याशी बोलायचं तर प्रत्येक जण आधी गुडघ्यावर थाप मारत होता नाहीतर समोर येऊन बसत होता. आवाज कुणासाठी बंद होता हे त्याला आता कळलं. जगातल्या सगळ्या खुणा वाचणाऱ्या माणसाला ही एवढी मोठी खूण दिसली नव्हती. त्याला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग इतकं हसू फुटलं की गुमास्ता चिठ्ठी हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिला.

भागीरथी दारात मेथी निवडत बसली होती. उखा कोणत्या दारातून येतोय हे पाहिलं आणि तिचे हात थांबले. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"रामदासले तिकीट देवाले गयथू," तो म्हणाला. "नको म्हने. झोप येस म्हने त्याले."

भागीरथी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं मेथीची जुडी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"झोपू द्या बिचाराले," ती म्हणाली. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की हसत होती हे काही उखाला वाचता आलं नाही, बहुधा तिलाही सांगता आलं नसतं.

"मंग मीच येस," उखा म्हणाला.

रविवारी संध्याकाळी चौघेही हॉलमध्ये शिरले, नवे सदरे, नवं लुगडं. त्यांच्या जागा अगदी पुढे पण एका कडेला होत्या, जिथे कुणी बसायला राजी नसतं अशा. तिथून अर्धाच रंगमंच दिसायचा आणि शेजारी कपाटाएवढे दोन स्पीकर होते. दिवे मालवले. पडदा हलला. उखानं हात मांडीवर ठेवले आणि शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचं नाही असं मनाशी ठरवलं.

तेव्हा त्याच्या पायाखालची फळी थरथरली.

जमीन लाकडी होती. उखानं हळूच चपला काढल्या आणि तळवे फळीवर टेकले. खात्यात कारागीर माग पायांनी ओळखतो, कुठला जड चालतोय, कुठल्याचा पट्टा ढिला झालाय, ते तळव्यांतून वर चढतं. हेही चढलं. आधी लांबून, संथ. मग जवळ, भरभर, शेकडो पावलांचं. मध्ये ते एकदम थांबलं, आणि त्याच क्षणी वरची पोरगी अंगठ्यावर थांबली. ते पुन्हा सुटलं आणि ती सुटली. उखाचं तोंड उघडंच राहिलं. चार वर्षं तो अर्धीच गोष्ट सांगत होता!

भागीरथीनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. अंधुक उजेडात तिनं भुवया उडवून विचारलं, कसं काय?

उखानं मूठ वळली आणि धोट्यासारखी डावीकडून उजवीकडे नेली, उजवीकडून डावीकडे. पुन्हा पुन्हा नेली. पलीकडून हेमराजनं ते पाहिलं, रघुनाथनं पाहिलं. मग तिघांनीही वाकून आपापल्या चपला काढल्या.

पुढच्या रविवारी तीनच्या ठोक्याला चाळीच्या ओट्यावर फटाक फटाक चपला वाजल्या. खोलीतले सगळे दाराकडे बघायला लागले. उखा आत आला, पण नेहमीच्या जागी बसला नाही. तो थेट टीव्हीला खेटून बसला आणि त्याच्या लाकडी पेटीवर त्यानं तळवा टेकवला.

भागीरथीचा हात बटणावर होता, डावीकडे वळण्याच्या बेतात.

"वाढवा आवाज," उखा म्हणाला.

रघुनाथनं भागीरथीकडे पाहिलं, हेमराजकडे पाहिलं, मग उठून उखाच्या समोर आला. "अन् रामदास?" त्यानं विचारलं.

"उठू दे त्याले आते," उखा म्हणाला. "कितला झोपी!"

भागीरथीनं बटण उजवीकडे फिरवलं.