डोलूची चाल

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, मागच्या व्हरांड्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या कूलरच्या आडोशाला भुरी मांजर व्यायली, तेव्हा प्रतिमाने फारसं लक्ष दिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याची, शरदची, बँकेतली बदली लखनऊला होऊन तीन वर्षं झाली होती. विकास नगरच्या त्या भाड्याच्या घरात आल्यागेल्या मांजरांचं कौतुक फक्त त्यांच्या दहा वर्षांच्या वेदिकाला होतं.

दोन पिल्लांतलं एक दुसऱ्याच दिवशी गेलं. दुसरं जगलं, महिन्याचं झालं आणि चालू लागलं. चालणं कसलं! पाय फाकवून उभं राही, मान थरथरे, चार पावलं टाकली की एका कुशीवर कोसळे. बशीतल्या दुधाकडे जाताना त्याचं नाक काठावर आपटे. वेदिकाने त्याचं नाव डोलू ठेवलं आणि ती त्याला हाताने धरून पाजायला लागली.

"मम्मी, ये ठीक हो जाएगा ना?" तिने एकदा विचारलं. प्रतिमाने बशीभोवती सांडलेलं दूध पुसून घेतलं.

शरदचं मत पडलं की असं हालात जगवण्यापेक्षा इंजेक्शन देऊन सोडवावं. प्रतिमालाही ते पटलं. वेदिका शाळेत गेल्यावर टोपलीत पिल्लू घालून ती ऑटोने छावणीकडे निघाली. तिथे फौजेतून निवृत्त झालेले जनावरांचे एक डॉक्टर राहत.

डॉक्टरांनी डोलूला जमिनीवर सोडलं आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. मग विचारलं, गाभण असताना मांजर आजारी होती का? मांजरांना होणाऱ्या एका आजारात पोटातल्या पिल्लाच्या मेंदूतला तोल सांभाळणारा भाग नीट वाढत नाही. हे बरं होणार नाही, पण बळावणारही नाही.

"दर्द इसको नहीं है," ते म्हणाले. "इसने तो यही चाल जानी है."

प्रतिमाला आठवलं. जानेवारीच्या धुक्यात भुरी दोन दिवस मोरीपाशी ओकत पडली होती. प्रतिमाने तिसऱ्या दिवशी तिला झाडूने हाकललं होतं, वरून त्या जागेवर फिनेल ओतलं होतं. तेव्हा आत घेतलं असतं तर, असं तिने चाचरत विचारलं. रोग तेव्हा लागून चुकला होता, डॉक्टर म्हणाले. त्यात तुमचा हात नाही. तिला ते समजलं, पण मन निवलं नाही. इंजेक्शनचं नाव न काढता ती परतली.

संध्याकाळी तिने शरदला झाडूची गोष्ट सांगितली. त्याने डोलूला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "मी असतो तर मीही हाकललंच असतं." रविवारी तो निशातगंजच्या बाजारात जाऊन काथ्याच्या चटया घेऊन आला. गुळगुळीत फरशीवर डोलूचे पाय घसरत. चटईत त्याची नखं रुतायला लागली.

डोलू तसाच वाढला. भुरी एक दिवस गेली ती परत आली नाही. एप्रिलमधल्या एका दुपारी प्रतिमा तांदूळ निवडत बसली होती. डोलू आतल्या खोलीतून निघाला. उंबऱ्यापाशी पडला, उठला, पुन्हा पडला. तिचे हात पुढे झाले. ते तिने मागे घेतले आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने तो तिच्या मांडीशी येऊन टेकला. त्याला धाप लागली होती. प्रतिमाने सूप बाजूला सारलं आणि पदर डोळ्यांना लावला.