पाणी न घालण्याचं काम

"ओतलंत ना पुन्हा?" सासूबाईंनी झुडपाच्या बुडाशी बोट खुपसलं आणि ते चिखलानं माखलेलं बोट थेट सासऱ्यांच्या नाकासमोर धरलं.

"चूळ भरली फक्त," सासरे म्हणाले.

"घागरीनं चूळ भरता होय?"

आमचे सासरे जन्मभर कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हेच त्यांचं काम. आता घरी बसलेत, तरी कोरडी माती दिसली की हाताला खाज सुटते. जित्याची खोड, दुसरं काय. आणि सासूबाईंचं झुडूप नेमकं उलट्या खोपडीचं. डोंगरावरचं रानटी, निळ्या तुऱ्यांचं. पावसाळ्यात पोटभर पितं आणि उन्हाळाभर उपाशी राहतं. उन्हात पाणी पाजलं की मूळ कुजलंच. अशी दोन रोपं सासऱ्यांनी मायेनं मारली. हे तिसरं आणि शेवटचं, कारण डोंगराचा तो उतार खाणवाल्यांनी पार खरवडून नेला. याला फूल येऊन बी धरलं तर बांधभर कुंपण होईल, सासूबाईंच्या मधमाश्यांना चारा मिळेल. नाहीतर ती जातच आमच्या भागातून संपली.

सासूबाईंनी बांधावरच्या झाडाचा एक ओला खुंट तोडून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठोकला. "घ्या. खाज सुटली की याला घाला. झुडपाकडे फिरकलात तर घागर तुमच्या डोक्यावर ओतीन."

सासरेही हट्टी. रोज सकाळी बायकोकडे बघत बघत खुंटाला पाणी घालायचे आणि वर मोठ्यानं चौकशी करायचे, "काय रे, पोट भरलं का?"

उन्हाळा तापला तशी झुडपाची पानं करपली. शेजारचा सुतार डोकावून म्हणाला, "वहिनी, मेलं ते. सरपणाला तरी द्या."

"तुझी नजर काढ आधी त्याच्यावरून," सासूबाई म्हणाल्या. पण संध्याकाळी त्या नखानं साल खरवडून आत हिरवं आहे का बघायच्या. "आहे गं अजून," मला सांगायच्या, आणि लगेच दुसरी फांदी खरवडायच्या.

मला ते बघवेना. एका दुपारी त्यांचा डोळा लागलेला बघून मीच तांब्या घेऊन निघाले. ओसरीवरून सासरे गुरकावले, "सूनबाई, ठेव तो. मी इतका मन मारून बसलोय, आणि तू निघालीस पाजायला?"

पाऊस पडून गेला, थंडी आली, आणि एका सकाळी झुडूप निळंशार. मधमाश्यांची नुसती गर्दी. तिकडे खुंटालाही पालवी फुटलेली. मग काय, सासरे आल्यागेल्याला धरून सांगायला लागले, "तो पाणी घालून जगवला. हे न घालून."

"म्हणजे काहीच न करून," सासूबाई म्हणाल्या. "ते तर लग्न झाल्यापासून करताय. फूल मात्र यंदा आलं."

बी पिकलं तेव्हा त्यांनी झुडपाखाली जुनी चादर पसरली. तिचं दुसरं टोक धरायला मी पुढं झाले, तर मला बाजूला सारलं आणि ओसरीकडे हाक मारली, "या, पाटकरी. हात तेवढे कोरडे करून या."