दहाच्या जागी साडेबारा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, माप घेणारी. एका बाजूला साठ इंच, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटीमीटर आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रा. कारखान्यातून निघाले तेव्हा कोरी करकरीत होते. आता माझे पहिले चार इंच पुसट झाले आहेत, पण स्मरणशक्ती शाबूत आहे.

माझ्या मालकिणीला सगळे टेलरबाई म्हणतात. ती नववीत असताना तिची आई अंथरुणाला खिळली आणि शाळा सुटली ती सुटलीच. ती मशीनवर बसली. वीस वर्षे मी तिच्या गळ्यात आहे. पोट सुटलेले गृहस्थ माप देताना श्वास आत ओढून उभे राहत, तेव्हा आम्ही दोघी गुपचूप दोन इंच जास्त धरत असू. कुणाची कंबर किती, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. "कपडा अंगावर बसावा तर टेलरबाईंच्या हातचा," असे लोक म्हणत, तेव्हा मी उगाच फुशारून जायचे.

आठवड्यातून तीन दिवस ती शिवणकाम शिकवणाऱ्या केंद्रात मदतनीस म्हणून जाई. मदतनीस नावालाच, शिकवायची सगळे तीच. मुख्य शिक्षिका निवृत्त झाल्या, तेव्हा केंद्राच्या बाईंनी तिला बोलावून घेतले.

"ही जागा तुमचीच आहे हो. पण दहावीचं प्रमाणपत्र लागतं. वर्षभर मी जागा अडवून धरते. पुढचं माझ्या हातात नाही."

त्याच आठवड्यात तिने बाहेरून दहावीला बसायचा अर्ज भरला.

"आता माझ्या नातीच्या वर्गात बसणार का गं?" सासूबाईंनी विचारले.

"बसेन की. तिनं जागा दिली तर."

पहिल्या खेपेला सगळे विषय सुटले, गणित मात्र सात गुणांनी राहिले. तिने मला खिळ्याला अडकवले आणि तीन दिवस मशीनला हात लावला नाही. मला फार वाईट वाटले. वर्षातली एकच परीक्षा उरली होती.

चौथ्या दिवशी तिची मुलगी आईचीच गणिताची वही घेऊन दुकानात आली. "आई, परीक्षेत आलेलं हे गणित माझ्यासमोर सोडव."

काटकोन त्रिकोण होता. एक बाजू सहा सेंटीमीटर, दुसरी आठ, तिसरी काढायची. टेलरबाईने खडूने आकृती काढली, आकडेमोड केली आणि उत्तर लिहिले, साडेबारा.

मुलगी हसली नाही. तिने विचारले, "कसं आलं?"

"दहा आलं. वर अडीच धरले."

"का?"

"अगं, शिवणीत जात नाही का? माया नको ठेवायला? बरोब्बर मापाला कापलं की कापड फुकट गेलंच!"

शिवणीसाठी कडेने जास्तीचे कापड सोडतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. मुलीने वहीतली बाकीची गणिते पाहिली. त्रिकोण असो की वर्तुळ, बाईने सगळीकडे इंचभर, म्हणजे अडीच सेंटीमीटर, माया सोडली होती! मग मात्र मायलेकी पोट धरून हसल्या.

"तुला गणित येतंय, आई. तू फक्त ते शिवायला काढतेस."

पण वीस वर्षांची सवय हसून जात नाही. रोज सकाळी दुकानाचे शटर अर्धे उघडून ती खाकी कागदावर पाच गणिते सोडवू लागली. उत्तर आले की हाताने वर माया धरू नये म्हणून खडू खाली ठेवायची, दोन्ही हात पाठीमागे धरायची आणि दहा आकडे मोजायची. माझी सेंटीमीटरची बाजू इतकी वर्षे तिने उलटूनही पाहिली नव्हती, आता तीच वर असे. हात चुकला की स्वतःवरच चिडायची, पण सहावे गणित जास्तीचे सोडवूनच उठायची.

परीक्षेच्या दिवशी घाईत मी तिच्या गळ्यातच राहिले.

"बाई, ते काढून ठेवा," पर्यवेक्षक म्हणाले. "इथं कुणाचं माप घ्यायचं नाहीये." मुले खिदळली. तिने मला दाराजवळच्या टेबलावर ठेवले.

तिथून मला ती दिसत होती. एकदा तिने पेन खाली ठेवले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. पर्यवेक्षकांना संशय आला. ते मागे जाऊन तिच्या मुठी उघडून पाहू लागले. मुठी रिकाम्या होत्या. त्या वर्गात फक्त मला ठाऊक होते, की बाई दहा आकडे मोजते आहे.

गणितात चौसष्ट गुण मिळाले.

"आणि उरलेले छत्तीस कुठं गेले?" सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

मुदत संपायला नऊ दिवस असताना माझी मालकीण त्या केंद्रात शिक्षिका म्हणून रुजू झाली. तिथे तिला नवी टेप मिळाली. मी आता ताणले गेले आहे, माप खोटे सांगते, तेव्हा ते रास्तच झाले. खणात बसून थोडे रुसायला होते, एवढेच.

मित्रांनो, टेपची घडी घालू नका, घडीवर तडा जातो. तिला गुंडाळून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी मोठ्या वयात वही घेऊन बसले, तर त्यांच्या चुकीच्या उत्तरावर फुली मारून मोकळे होऊ नका. कसे आले, एवढे विचारा. त्या मुलीने विचारले नसते, तर माझी मालकीण आजही मदतनीसच असती.