तेरा किलोंचे खोके

मी एक जुना लोखंडी वजनकाटा आहे, मित्रांनो. मला खोटे बोलता येत नाही आणि माणसांना त्यावाचून राहवत नाही, म्हणून आमचे फारसे पटत नाही. ज्या मिस्त्रीने मला ठोकूनठाकून उभे केले, त्याने माझी सुई शून्यावर आणली आणि म्हणाला, "जा, आता कुणाचं ऐकू नकोस." त्याचे ते बोलणे मी आजवर पाळले आहे.

मी रंगाच्या कारखान्यात आलो. तरुणपणी माझे भारी कौतुक होते. मालकीणबाई स्वतः मला पुसत, तेल घालत आणि येईल त्याला सांगत, "आमचा काटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" पुढे मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर लोक ओले कपडे वाळत घालू लागले, जेवणाचे डबे ठेवू लागले. सुई हलायची, पण बघतो कोण?

मग मालकीणबाईंचे जावई बापू कारखाना सांभाळायला आले. आल्या आल्या त्यांनी एक मोठे काम केले: स्वतःच्या खोलीचे दार निळे रंगवले. दुसरे काम मला भंगारात काढायचे.

"काटा चुकतोय हे आधी दाखवा, मग खुशाल विका," मालकीणबाई म्हणाल्या. माझा जीव टांगणीला लागला.

त्या आठवड्यात डब्यांवर वजन छापायचे होते. डबे दोनच मापांचे, मोठा आणि छोटा.

"एकेक डबा ठेवा की काट्यावर."

"आई, असं कुणीही करेल. मी समीकरणं मांडून काढतो."

आमच्या लहान खोक्यात दोन मोठे आणि तीन छोटे डबे असतात. मधल्या खोक्यात सगळे दुप्पट, मोठ्यात तिप्पट. खोक्याचे वजन वजा जाता लहान खोके सात किलो भरले, मोठे एकवीस. बापूंनी पहिल्या समीकरणाची तिप्पट केली, दुसऱ्यातून वजा केली. उरले शून्य बरोबर शून्य. बापू माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच त्यांचे गणित खाल्ले.

अरे शहाण्या माणसा, एकच गोष्ट तिप्पट आवाजात सांगितली म्हणून ती दुसरी होते का? मोठा डबा दोन किलोंचा आणि छोटा एक किलोचा असला तरी सात भरतात. मोठा अर्ध्या किलोचा आणि छोटा दोन किलोंचा असला तरी सातच! अशा जोड्या शोधत बसलात तर दाढी जमिनीला टेकेल, जोड्या संपणार नाहीत. त्यांतली खरी निवडायला काही नवे सांगणारे वजन लागते.

बापूंनी मग मधले खोके चढवले. चौदा भरायला हवे होते, पण सुई तेरावर थांबली. त्यांनी सातची दुप्पट करून वजाबाकी केली. आले शून्य बरोबर एक.

"बघा आई! शून्य कधी एक होतं का? काटा ठार खोटा आहे!"

आता डब्यांची कोणतीही वजने धरा, दोन्ही खोकी एकदम जुळणारच नाहीत. म्हणजे कुठल्यातरी खोक्यात सांगितले तेवढे डबे नाहीत. एवढे कळायला खोके उघडावे लागते, आणि बापूंना वाकायचा कंटाळा.

भंगारवाल्याने मला दोरांनी आवळून दाराशी आणले. माझ्या जागी लाल आकड्यांचा विजेचा काटा आला. बापूंनी रुबाबात तीच खोकी त्यावर ठेवली. सात. तेरा.

"हाही बिघडलाय!"

भंगारवाल्याने अदबीने विचारले, "साहेब, हापण उचलू का?"

मालकीणबाई उठल्या. "दोन काटे संगनमत करतात होय? उघडा ते खोकं."

आत मोठे डबे चार, छोटे पाच. सगळे निळ्या रंगाचे. सहाव्याची जागा रिकामी. सगळ्यांच्या नजरा त्या निळ्या दाराकडे गेल्या. बापूंना एकाएकी खोकला आला.

"सोडा त्याला," मालकीणबाई म्हणाल्या. दोर सुटले. त्यांनी माझ्यावर एक मोठा आणि एक छोटा डबा ठेवला. तीन किलो. एवढे नवे मिळताच बापूंचे कोडे सुटले: मोठा दोन किलो, छोटा एक. दुसरे उत्तर शोधूनही सापडले नसते.

मित्रांनो, आम्हाला वर्षातून दोन थेंब तेल पुरते. पण हिशेब जुळला नाही की काट्याला लाथ मारण्याआधी आपण काय विचारले ते बघत जा. तुमची कीव करायचा मला फार कंटाळा आला आहे.

परवा बापूंनी दाराला दुसरा हात द्यायला एक छोटा डबा मागितला. मालकीणबाईंनी तो आधी माझ्यावर ठेवायला लावला. मी एक किलो दाखवला. बापूंनी हळूच विजेच्या काट्यालाही विचारून घेतले.