सोनाबाईचं बोट

दवाखान्यात सोनाबाईला भेटायला कुणी यायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्यामागं सांगोला सोडून आली, पुढे नवराही गेला. शेजारच्या खाटांवर भाकरीची फडकी सुटायची, लेकी-सुना पाय चेपायच्या. हिच्याकडे यायचा एकटा ईरप्पा, तोही सुई घेऊन. डासाच्या तापानं तिचं अंग मोडून काढलं होतं. ताप उतरला तरी डॉक्टर सोडेनात. म्हणून रक्त तपासणारा हा ईरप्पा सकाळ, दुपार, संध्याकाळ यायचा, बोट टोचायचा आणि बारीक काचनळीत रक्त भरून न्यायचा.

"मावशी, रक्ताचा आकडा चढलाय," तो एकदा म्हणाला. सोनाबाई हरखली. रक्त वाढलं म्हणून शेजारणीला सांगायला निघाली.

"वाढलं न्हाय, दाट झालंय," ईरप्पानं समजावलं. "या तापात रक्तातलं पाणी शिरंबाहेर पाझरतंय. लई दाट झालं की माणूस गार पडतंय. साखर-मिठाचं पाणी पीत ऱ्हावा. आकडा उतरला की मी काय टोचायला येत न्हाय बगा."

शेवटचं त्यानं धीर द्यायला म्हटलं होतं. बाईच्या मात्र ते काळजात रुतलं. नवरा गेल्यापासून तिचा हात कुणी हातात धरला नव्हता. ईरप्पा टोचण्याआधी बोट चोळून ऊब आणायचा, नंतर कापूस दाबून धरायचा, "जेवलाव का?" म्हणून विचारायचा. तेवढ्यासाठी तिनं वाटेल तितक्या सुया सोसल्या असत्या.

मग तांब्यातलं पाणी तिच्या पोटात जाईना. कुणाचं लक्ष नाही असं बघून ती ते खिडकीबाहेर ओतायची. घशाला कोरड पडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि वेडी बाई दाराकडे बघत पडून राहायची.

आकडा आणखी चढला. बोट हातात घेताच ईरप्पा चरकला. कितीही चोळलं तरी ते गारच. रिकामा तांब्या आणि खिडकीची ओली चौकट त्याच्या नजरेला पडली.

"मावशी, मरायचंय का तुमाला?"

"न्हाय रं बाबा. आकडा उतरला तर तू येनार न्हाईस की."

ईरप्पानं धावत जाऊन डॉक्टरांना आणलं, सलाईन लागलं. मग खाटेशी बसून त्यानं घोट घोट पाणी पाजलं. "समदं प्या. आकडा उतरला तरी येतो."

ती शहाण्यासारखी प्यायली. आकडा उतरला.

दुसऱ्या सकाळी ईरप्पा आला. कोपऱ्यात नवा रोगी होता, तो थेट तिकडं गेला. त्याचं रक्त घेऊन घाईनं परतताना दारातून म्हणाला, "बरं हाय न्हवं, मावशी?"

"व्हय की," सोनाबाई म्हणाली. चादरीखाली ती आपलं बोट चोळत होती. उजाडल्यापासून चोळून चोळून ते चांगलं गरम झालं होतं.