तीन घंट्यांचा निरोप

मी एक जुना टेलिफोन आहे. रंगानं काळा, अंगानं जाड, आणि पोटावर दहा भोकांची तबकडी. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला फक्त चित्रात पाहिलं असेल. बीड जिल्ह्यातल्या मोरदरवाडीच्या दूध संस्थेत, कपाटाच्या वरच्या फळीवर, मी हल्ली नुसता बसून असतो. माझी तार उंदरांनी कुरतडली आहे. रडगाणं गायला मला वेळ भरपूर आहे, पण आज मी ते गाणार नाही. आज मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा भावंडांची रांगच्या रांग टेबलावर मांडून ठेवत आणि एकेकाची घंटी वाजवून बघत. माझी घंटी सगळ्यांत खणखणीत होती, हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही. एक्याण्णव साली मी नेकनूरच्या बसमधून, एका माणसाच्या मांडीवर बसून मोरदरवाडीला आलो. ते होते माणिकराव, संस्थेचे चेअरमन. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, टोपी सारखी केली आणि बीडच्या दूध संघाला पहिला फोन लावला. ते इतके मोठ्यानं बोलले की बाहेर बांधलेली म्हैस बिथरली. पुढे कितीतरी वर्षं माणिकराव फोनवर बोलताना आधी टोपी सारखी करत.

ती वर्षं माझ्या मानाची होती. गाय अडली की माणसं माझ्याकडे धावत यायची आणि मी जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचो. संस्थेचे सचिव आश्रुबा रोज मला फडक्यानं पुसत. त्यांच्या बायकोनं, सुंदरबाईंनी, माझ्यासाठी लोकरीचं झाकण विणलं होतं. ते मला उकडायचं, पण मी कधी बोललो नाही. तसंही मला स्वतःचं काही बोलता येत नाही. लोकांचं बोलणं इकडून तिकडे नेणारा मी, माझ्या पदरी फक्त घंटी.

आता त्या घंटीचीच गोष्ट सांगतो.

संघाची दुधाची गाडी राधाकिशन नावाचा ड्रायव्हर चालवायचा. निघण्याआधी तो चौसाळ्याहून गावोगावच्या संस्थांना कळवत असे. पण प्रत्येक फोनला पैसे पडतात, म्हणून त्यानं आणि आश्रुबांनी एक युक्ती ठरवली होती. एक घंटी वाजून बंद झाली, तर गाडी निघाली. दोन वाजल्या, तर गाडीला उशीर आहे. तीन वाजल्या, तर आज गाडी नाही, दूध गावातल्या उत्तरेश्वरच्या खव्याच्या भट्टीवर घालावं. फोन उचलायचा मात्र नाही. उचलला की राधाकिशनचे पैसे जाणार, आणि गरीब माणसाच्या खिशाला असा भुर्दंड घालणं हे आमच्याकडे वाईट वागणं समजलं जाई. एकदा नवख्या कोणीतरी उचलला, तर आश्रुबांनी राधाकिशनला चहा पाजून माफी मागितली होती. वीस वर्षं ही युक्ती चालली आणि वीस वर्षांत एकदाही चुकली नाही. मला तिचा फार अभिमान होता.

मग दोन हजार बारा-तेराचा दुष्काळ आला. विहिरी आधी आटल्या, मग बोअर आटले, मग माणसांचे चेहरे. कडबा सोन्याच्या भावाला गेला. नेकनूरच्या बाजारात लोक जनावरं घेऊन जात आणि मिळेल त्या किमतीला देऊन, रिकामा कासरा खांद्यावर टाकून परत येत.

गावाच्या कडेला बौद्ध वस्तीत जाईबाई राहायची. तिच्याकडे एकच संकरित गाय होती, तिचं नाव मैना. मैनेच्या दुधावर जाईबाईची मुलगी भिमा बीडला नर्सचं शिक्षण घेत होती आणि तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. मार्च महिन्यात जाईबाई संस्थेत आली आणि म्हणाली, "भाऊ, गाय इकून टाकावी म्हंते मी. वैरण संपली बगा."

आश्रुबा म्हणाले, "इकू नका, जाईबाई. संघ चारा देणार हाय प्रत्येक संस्थेला. आजउद्या फोन येईल. भिमाचं एवढं वरीस निघू द्या."

"फोन येईल ना नक्की?"

"आता मी हितंच बसून हाय की."

हे बोलताना त्यांनी माझ्यावर हात ठेवला होता. त्यांच्या शब्दावर जाईबाईनं गाय ठेवली. भिमाचं शिक्षण आता एका फोनवर अवलंबून होतं, आणि तो फोन मी होतो.

त्याच सुमारास संघाचं एक पत्रक आलं होतं. यापुढे सर्व सूचना स्वयंचलित ध्वनिसंदेशाद्वारे देण्यात येतील, असं त्यात होतं. संघानं नवं यंत्र घेतलं होतं. ते आपलं आपण फोन लावायचं, टेपवर भरलेल्या बाईच्या आवाजात सूचना सांगायचं आणि उत्तर नोंदवून घ्यायचं. पण हे खुलासेवार पत्रकात कुठे होतं? आश्रुबांनी 'ध्वनिसंदेश' हा शब्द दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि पत्रक खिळ्याला लावून टाकलं.

पुढच्या आठवड्यात राधाकिशनच्या गाडीच्या चाकावरचा लोखंडी पाटा मोडला. गाडी चौसाळ्याला गॅरेजात पडली. बिचारा रोज सकाळी सात वाजता न चुकता तीन घंट्या द्यायचा. लोक आपलं लोटाभर, दीड लोटा दूध घेऊन भट्टीवर जायचे.

सोमवारी सातला त्याच्या तीन घंट्या झाल्या. आणि नऊ वाजता मी पुन्हा वाजलो. एक, दोन, तीन. बंद.

आश्रुबा दुधाच्या बरण्या धूत होते. ते हसून म्हणाले, "राधाकिशन लई काळजीचा माणूस. पुन्यांदा सांगतोय."

मंगळवारी नऊला पुन्हा तीन घंट्या. बुधवारी जाईबाई भट्टीवरून रिकामी किटली घेऊन परतत होती, ती दारात थांबली. मी वाजायला लागलो.

"भाऊ, उचलून बगा की. चाऱ्याचा असंल."

"बोलायचा फोन लांबलचक वाजतो, जाईबाई. ह्या तीनच घंट्या हायेत."

"सकाळीच वाजवल्या ना त्यानं? मंग पुन्हा कावून?"

"आपण ऐकलं न्हाई असं वाटलं असंल त्याला. उगं त्याचे पैसे कावून घालवायचे?"

तिसरी घंटी वाजली आणि मी गप्प झालो. मित्रांनो, मला माहीत होतं की हा राधाकिशन नाही. त्याची घंटी आणि ही घंटी माझ्या पोटात वेगळी लागत होती. मी जीव खाऊन वाजलो. पण जीव खाऊन वाजलेल्या तीन घंट्याही मोजायला तीनच असतात.

शनिवारी वैरणीचे दोन ट्रक फाट्यावरून पुढच्या गावाला गेले. आश्रुबा वहाण न घालता धावले. ड्रायव्हरनं यादी दाखवली. मोरदरवाडीचं नाव तिच्यात नव्हतं.

सोमवारी ते बीडला संघाच्या कार्यालयात गेले. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी माणिकरावांना सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. तिथला साहेब वाईट नव्हता. त्यानं संगणकाचा पडदा आश्रुबांकडे वळवून दाखवला. चारशे संस्थांना एका सकाळी फोन लावायचे, म्हणून यंत्र प्रत्येकाकडे तीनच घंट्या थांबत होतं. तीन दिवस उत्तर नाही आलं की ते संस्थेपुढे 'बंद' असं लिहून टाकत होतं.

"मी म्हनलं, साहेब, मी तर हितं उभा हाय की तुमच्यापुढं," आश्रुबा म्हणाले. "तर ते म्हणले, बरोबर हाय, पण दुरुस्ती फोनवरूनच घेतं मशीन. मला हात लावता येत न्हाई. फोन लावा अन् एक दाबा."

माणिकराव आता फार थकले होते. ते म्हणाले, "मंग लाव की बे."

आश्रुबांनी फोन लावला. माझ्यातून टेपवरल्या बाईचा गोड आवाज आला. नोंदणीसाठी एक दाबा. आश्रुबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर दाबायला काही नव्हतं. त्यांनी तबकडीत बोट घालून एक फिरवला. माझ्यातून 'टक्' असा आवाज गेला. पण त्या यंत्राला बटणाचा सूर हवा होता, माझी टकटक त्याला कळत नव्हती. बाई पुन्हा म्हणाली, एक दाबा. आश्रुबांनी पुन्हा फिरवला. असं आठ वेळा झालं. त्या संध्याकाळी मला माझी जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा गावातल्या एका मास्तरांचा मोबाईल मागून आणणार होते. मास्तर लग्नाला परगावी गेले होते. बाकी ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांच्या घरात रेंज नव्हती. टेकडीवर चढून एकदा लागला, एक दाबला, तर नोंदणी सकाळी दहा ते बारा एवढीच घेतली जाते असं उत्तर मिळालं. तोवर बुधवार उजाडला.

आणि बुधवारी पहाटे मैना बसली ती उठलीच नाही. चार माणसांनी तिच्या पोटाखाली गोणपाट घालून तिला उचललं, पण पाय जमिनीला टेकेनात. शेजारच्या चतुराबाईनं आपल्या बैलापुढची पेंढी आणून तिच्या तोंडाशी धरली. मैनेनं ती हुंगली फक्त. दुपारी ती गेली.

आश्रुबा दोन दिवस दहा ते बारा टेकडीवरून फोन लावत राहिले, पण लाईन लागली नाही; जाईबाईच्या वस्तीकडे मात्र ते फिरकले नाहीत. त्यांची हिंमतच झाली नाही. शेवटी तीच संस्थेत आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती भांडेल असं मला वाटलं, आणि तिनं भांडावं असं आश्रुबांनाही वाटत असावं.

"भाऊ, त्या बीडच्या बाईला फोन लावून द्या," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

"जाईबाई, ती माणूस न्हाई. टेप हाय ती."

"आसू द्या. लावा."

आश्रुबांनी लावला आणि माझा रिसीव्हर तिच्या हातात दिला. वीस वर्षं ती या खोलीत येत होती, पण मला तिनं कधी कानाला लावलं नव्हतं. तिच्या हाताला अजून शेणाचा वास होता. बाईचं बोलणं सुरू झालं, तसं जाईबाईही बोलू लागली.

"मी जाईबाई बोलते. मोरदरवाडीची. माझी गाय मेली बाई परवा. पर आमची संस्था बंद न्हाई. आमी समदे हितंच हावत. धोंडीरामाचे दोन बैल हायेत, चतुराबाईचा एक हाय, दगडाबाईची म्हैस गाभण हाय. ती जित्ती हायेत अजून. तेवढं लिहून घ्या."

तिकडून आवाज आला, आपण कोणताही पर्याय निवडला नाही, धन्यवाद. आणि फोन कट झाला.

जाईबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला. "धन्यवाद म्हणली," ती म्हणाली. "घेतलं असंल का हो लिहून?"

आश्रुबांनी मान खाली घातली. "घेतलं," ते म्हणाले.

ती निघून गेल्यावर ते टेबलावर डोकं ठेवून रडले. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते बीडला गेले आणि संघाच्या दारात बसून राहिले. कोणीतरी आपल्याबरोबर गावात येऊन डोळ्यांनी बघावं, तोवर आपण उठणार नाही, एवढंच ते सांगत होते. तिसऱ्या दिवशी एक माणूस जीप घेऊन आला. त्यानं गोठे पाहिले आणि उभी असलेली जनावरं कागदावर लिहून घेतली. मग चारा आला. तोवर गावातली अकरा जनावरं गेली होती. भिमाचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. ती पुण्याला एका आजारी बाईंची सेवा करायला गेली.

त्यानंतर घंटी वाजली की आश्रुबा पहिल्याच घंटीला मला उचलत आणि म्हणत, "आमी हावत, बोला." राधाकिशनचे पैसे जात, पण त्यानं कधी शब्द काढला नाही. मग संस्थेला मोबाईल आला, सभासदांचा ग्रुप झाला आणि माझं कनेक्शन काढलं. आता निरोप एका क्षणात ऐंशी जणांना पोचतो. ग्रुपवरल्या निरोपापुढे निळ्या खुणा येतात, मग सगळे निर्धास्त होतात. जाईबाई त्या ग्रुपमध्ये नाही. तिच्याकडे तसला मोबाईल नाही.

मित्रांनो, नव्या यंत्रांवर माझा राग नाही. मीही एके काळी नवा होतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, माझ्यापेक्षा आणि त्या टेपवरल्या बाईपेक्षा हुशार यंत्रं बनवाल, त्यांच्यावर कार्यालयं चालवाल. मला फडक्यानं पुसा असं मी म्हणत नाही. माझं मागणं एवढंच आहे. तुम्ही हाक मारली आणि पलीकडून उत्तर आलं नाही, तर तिथे कोणी नाही असं लिहून टाकू नका. उठा आणि जाऊन बघा.